विद्यापीठातलं प्रमाणपत्र अडकतं कुठं? टेबलावर कमी, दोन टेबलांच्या मधेच जास्त

निकाल लागतो, गुणपत्रक हातात येतं. पण नोकरीच्या ठिकाणी पदवी प्रमाणपत्र मागतात. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर मायग्रेशन लागतं. परदेशी जायचं असेल तर ट्रान्सक्रिप्ट लागतं. अर्ज केला की उत्तर ठरलेलं असतं, "प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या आठवड्यात या."

खेड्यातल्या घराला हा पुढचा आठवडा महागात पडतो. एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते, ऐन पेरणीत खाडा पडतो. कागद मुदतीत आला नाही, तर मिळालेली जागाही हातची जाते. मग सगळा राग खिडकीतल्या क्लार्कवर निघतो. काही ठिकाणी तो रास्तही असतो. पण बऱ्याचदा त्या क्लार्कलाही आपला कागद नेमका कुठं थांबलाय हे ठाऊक नसतं. असं का होतं आणि कर्मचारी एकत्र बसले की त्यात काय बदलतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

एका अर्जाचा प्रवास

पदवी प्रमाणपत्राचा अर्ज एका माणसाकडं जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. अर्ज आधी आवक विभागात नोंदला जातो. फी जमा झाली का, हे लेखा विभाग बघतो. प्रवेशाच्या वेळची कागदपत्रं बरोबर होती का, हे पात्रता विभागाकडं असतं. सगळ्या सत्रांचे गुण परीक्षा विभागाकडं असतात. मग छपाई, तपासणी, सही, शिक्का आणि शेवटी जावक. विद्यापीठागणिक क्रम थोडा बदलतो, पण टेबलं साधारण हीच.

आता समजा, प्रत्येक टेबलावर या अर्जाचं काम दहा मिनिटांचं आहे. अशी आठ टेबलं धरली तरी काम दीड तासाच्या आतलं. मग तीन आठवडे कशात जातात? ते जातात वाट बघण्यात. शिपाई दिवसातून एकदाच फायली नेतो. एक क्लार्क रजेवर असतो. साहेब मीटिंगला गेलेले असतात. नावात एका अक्षराचा फरक सातव्या टेबलावर सापडतो आणि अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर येतो.

ऊस घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काट्यावर वजनाला काही मिनिटंच लागतात, पण गाडी नंबरला उभी असते ती दिवस दिवस. काटा कितीही जोरात चालवला तरी रांग जागची हलत नाही, कारण अडचण काट्यावर नसतेच.

टेबलं एकत्र बसली की

जगभरच्या विद्यापीठांत या दुखण्यावर एक साधा इलाज करतात. ज्या ज्या टेबलावरून कागद जातो, तिथल्या प्रत्येकाला एका खोलीत बसवायचं. त्यात शिपायापासून सही करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे आले. भिंतीवर मोठा कागद लावायचा आणि अर्ज आल्यापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंतची एकेक पायरी चिठ्ठीवर लिहून चिकटवायची. नियमात लिहिलेली पायरी नाही, रोज खरोखर घडते ती. प्रत्येक चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचे: काम किती वेळाचं आणि वाट किती दिवसांची.

मग चिठ्ठीगणिक विचारायचं. ही पायरी कशासाठी आहे? हेच काम आधी कुणी केलंय का? ही चूक पहिल्याच टेबलावर पकडता आली असती का? ही सही याच साहेबांची का लागते?

अशा बैठकीत बहुतेक वेळा तेच ते निघतं. फीची पावती दोन विभाग वेगवेगळी तपासत असतात आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. एखादी नोंदवही वर्षानुवर्षं भरली जाते, पण ती वाचत कुणीच नाही. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना नसतो, म्हणून दर दहातले काही अर्ज परत जातात. इलाजही तसेच साधे असतात. तपासणी एकदाच करायची. चुकीचा अर्ज पहिल्याच खिडकीवर, अर्जदार समोर असतानाच दुरुस्त करून घ्यायचा. फायली दिवसातून दोनदा ठरल्या वेळी हलवायच्या. साधी सही खालच्या अधिकाऱ्याला द्यायची. प्रत्येक टेबलाला पर्यायी माणूस ठरवून ठेवायचा. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. पण एकटा क्लार्क हे बदलू शकत नाही, कारण बदल दोन टेबलांच्या मधला असतो.

नगरचा प्रयोग, जपानची पद्धत

कारखान्यात ही पद्धत रुळवली ती जपानच्या टोयोटा या मोटार कंपनीनं. तिच्या कामाची दोन सूत्रं आहेत. रोज थोडी सुधारणा करत राहायची आणि काम करणाऱ्या माणसाचा मान ठेवायचा. तिथून 'लीन' नावानं ही पद्धत जगभर पसरली. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ 1413 सालचं. एवढ्या जुन्या संस्थेनं 2006 पासून कार्यालयीन कामासाठी ही पद्धत धरली. पुढं तिकडच्या अनेक विद्यापीठांचे कर्मचारी एकमेकांना भेटून आपापले अनुभव सांगू लागले.

पण आपल्याकडं याचं मूळ नाही असं नाही. 1980 च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बसण्याची आणि कागद ठेवण्याची पद्धतच बदलली. 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर गाजली. सरकारी कार्यालयांत आजही सांगितली जाणारी सहा गठ्ठे पद्धत याच वळणाची. प्रत्येक क्लार्कनं कागदांचे सहा गठ्ठे करायचे: कारवाई करायची प्रकरणं, उत्तराची वाट बघत असलेली, ठरावीक मुदतीनं पाठवायची माहिती, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद.

यात सहकार्य कुठं आलं, असं कुणी म्हणेल. क्लार्क आजारी पडला तर शेजारचा माणूस दोन मिनिटांत कागद शोधू शकतो. कागद 'त्यांच्या कपाटात' राहत नाही, तो कार्यालयाचा होतो. हाच यातला खरा फरक.

संगणक आणला की झालं, असं नाही

2017 साली मुंबई विद्यापीठानं ऐन परीक्षेच्या हंगामात सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. 17 लाखांवर उत्तरपत्रिका होत्या. स्कॅनिंग रखडलं, शिक्षकांना पद्धत नवी होती, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून 45 दिवसांच्या आत निकाल लागायला हवा. तो महिनोन्‌महिने लांबला. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेली पोरं अडकली. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

यंत्र वाईट नव्हतं. पण ज्यांच्या हातून काम होणार होतं, त्यांची तयारी होण्याआधीच ते सुरू केलं. कागदावरची गोंधळलेली पद्धत तशीच संगणकात घातली, तर गोंधळ फक्त जास्त वेगानं होतो.

कर्मचाऱ्यांची बाजू

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची अनेक पदं बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत रिकामी आहेत. एकाकडं दोन-तीन टेबलांचा कारभार असतो, काही ठिकाणी कंत्राटी माणसांवर भागवलं जातं. फेब्रुवारी 2023 मध्ये हे कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. विद्यापीठाचा गाडा कुणाच्या खांद्यावर आहे हे त्या दिवसांत दिसलं. त्यामुळं एकत्र बसून पायऱ्या कमी करणं ही रिकाम्या जागा न भरण्याची सबब होऊ नये. पद भरणं सरकारचं काम आहे. आणि सुधारणेतून वाचलेला वेळ दुसऱ्याच कामानं भरून टाकला, तर पुढच्या वेळी कुणीही चूक दाखवायला तोंड उघडणार नाही.

आपण काय करायचं

टेबलं जागेवर येतील तेव्हा येतील. तोवर आपला अर्ज मधेच अडकू नये म्हणून एवढं करावं:

- नाव सगळीकडं एकसारखं ठेवा. दहावी, बारावी, आधार आणि पदवीच्या गुणपत्रकावरचं स्पेलिंग ताडून बघा. फरक असेल तर प्रवेशाच्याच वर्षी कॉलेजमधून दुरुस्त करून घ्या.
- कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, प्रत्येक अर्जावर लिहा.
- अर्ज दिल्यावर क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. चौकशीला गेल्यावर "झालं का?" असं न विचारता "या क्रमांकाचा अर्ज आज कोणत्या विभागात आहे?" असं विचारा.
- मुख्य विद्यापीठात जाण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात आणि जवळच्या उपकेंद्रात विचारा. नाशिक, अहिल्यानगर, धाराशिव, लातूर, रत्नागिरी इथं विद्यापीठांची उपकेंद्रं आहेत. तिथं काम झालं तर लांबचा हेलपाटा वाचतो.
- डिजिलॉकर उघडून बघा. विद्यापीठानं गुणपत्रक किंवा पदवी तिथं चढवली असेल, तर ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते.
- महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लक्षात ठेवा. या कायद्याखाली अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते. मुदत टळली तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. अर्ज परत आला तर कारण लेखी मागा, आणि तेच कारण गावातल्या दुसऱ्या पोरांनाही आलंय का ते विचारा. एकाच कारणानं दहा अर्ज परत येत असतील, तर दहा जणांनी मिळून एक निवेदन कॉलेजमार्फत कुलसचिवांना द्यावं. एकट्या अर्जाची चूक ही अर्जदाराची समजली जाते. दहा अर्जांची तीच चूक मात्र पद्धतीची ठरते, आणि ती दुरुस्त करायला टेबलांना एकत्र बसावंच लागतं.