शुगरचा मेंदूशी काय संबंध?

कामण रोड स्टेशनजवळ किंवा चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या टपरीवर "जरा गोड कर रे" हे सारखं ऐकू येतं. त्यावरून ही पोस्ट.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज! गंमत म्हणजे ही साखर आत घ्यायला स्नायूंना लागतं तसं इन्शुलिन त्याला फारसं लागत नाही. मग डायबेटीसने डोक्याचं काय बिघडणार? बरंच काही. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये इन्शुलिनचे रिसेप्टर भरपूर असतात. ते इन्शुलिनला दाद देईनासे झाले की पेशींमधला संवाद मंदावतो. शिवाय इन्शुलिन आणि अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड बीटा, दोन्ही मोडणारं एन्झाइम एकच. इन्शुलिन वाढलं की ते एन्झाइम त्यातच अडकून पडतं आणि अमायलॉइड साचत जातं, असा संशोधकांचा कयास आहे. प्रीडायबेटीस (डायबेटीसच्या आधीची पायरी) असलेल्या काही जणांच्या पेट स्कॅनमध्ये मेंदूचा ग्लुकोज वापर कमी झालेला दिसला आहे, तोही विसरभोळेपणाची तक्रार नसताना.

"मी तर बारीक आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! म्हणजे बारीक दिसणाऱ्यालाही धोका असू शकतो.

कामणच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनो, एकदा तपासून घ्याच. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के आलं, तर तो प्रीडायबेटीस. लगेच डॉक्टरांना दाखवा.