चोणक, गळ आणि अक्काचं हुमण

बेळगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला मासे पकडणं म्हणजे काय, ते एवढंच ठाऊक होतं: मार्कंडेय नदीच्या काठी बसायचं, बांबूच्या काठीला दोरा बांधायचा, गळाला गांडूळ लावायचं आणि संध्याकाळी बोटभर चार मासे घेऊन आईची बोलणी खायची. अक्का लग्न होऊन बार्देशात कोलवाळला गेली आणि माझी सुट्टी चोर्ला घाट उतरून शापोरा नदीच्या काठी जाऊ लागली. तिथे भावोजींनी मला पहिल्यांदा चोणक दाखवला. दाखवला म्हणजे काय, माझ्या गळाला लागला, पाण्याबाहेर हातभर उडाला, डोकं दोनदा झटकलं आणि गेला. माझ्या हातात उरला तो रिकामा तंगूस.

“टोक बघ,” भावोजी म्हणाले. तंगूस ब्लेडने कापावा तसा सफाईने कापलेला होता. “चोणकाच्या कल्ल्यावरचं झाकण म्हणजे सुरी. सुरीला तू दोरा बांधलास!”

त्या दिवसापासून आजवर जे थोडंफार शिकलो, ते आज वाचकांसमोर ठेवतो आहे. हौशी मंडळींना उपयोग होईल. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, ती मात्र मासे न पकडणाऱ्यांनीही वाचावी.

हा मासा कोण?

परदेशी मासिकांत ‘बास फिशिंग’वर पानंच्या पानं असतात. अमेरिकेतला तो लार्जमाऊथ बास गोड्या पाण्यातला. आपला चोणक कुळाने वेगळा. त्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात. रायगडात तो जिताडा, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. राहणी मात्र दोघांची सारखी. दोघेही दबा धरून बसणारे. पाण्यात पडलेलं झाड, खारफुटीची मुळं, पुलाचे खांब, खडकाची कपार अशा आडोशाला थांबायचं आणि समोरून काही दुबळं गेलं की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घ्यायचं. शांत पहाटे चोणकाने भक्ष्य ओढल्याचा ‘भुप्प’ असा आवाज येतो. एकदा ऐकला की विसरता येत नाही.

केव्हा आणि कुठे

भावोजी घड्याळाआधी कालनिर्णय बघतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. नदीत जितकं आत जाल तितका उशीर धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी संपते. माझ्या अनुभवात ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचा पहिला तास सर्वांत चांगला. उधाणाला पाणी फार ओढतं, भांगाला फार मंदावतं. मधले दिवस बरे.

गोव्यातली हक्काची जागा म्हणजे मानस. खाजन शेतीच्या बांधात लाकडी झडपांची मोरी असते, ती मानस. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं आणि शेवट्याची पिल्लं येतात, आणि चोणक दाराशी पाहुण्यासारखा उभा असतो. पण मानशीतली मासळी पकडण्याचा हक्क पावणी करून कुणीतरी पैसे मोजून घेतलेला असतो. त्या माणसाला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत तर गळ न्यायचाच नाही. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसण्याची हौस नको.

नकली मासा लंगडला पाहिजे

भावोजींचे थोरले भाऊ तारवटी. त्यांनी बोटीवरून येताना आणलेला लाकडी मासा मी प्रथम पाहिला तेव्हा ते मुलांचं खेळणं वाटलं. त्यामागची गोष्ट नंतर वाचली. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या कोळ्याने पाहिलं की मोठे मासे थव्यातल्या नेमक्या लंगडणाऱ्या माशावर झडप घालतात. त्याने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेट-चीजचा चकचकीत कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे तोच नमुना जगभर गेला.

यातलं मर्म एवढंच, की नकली मासा सुंदर दिसण्यापेक्षा लंगडला पाहिजे. एका वेगाने रीळ गुंडाळत राहाल तर चोणक ढुंकूनही बघणार नाही. दोन हलके झटके द्या, थांबा. पुन्हा एक झटका, पुन्हा थांबा. दहापैकी आठ वेळा मासा लागतो तो त्या थांबण्यातच. ज्याला थांबता येत नाही त्याने वांगी लावावीत, असं भावोजी म्हणतात.

सुरुवात करणाऱ्याला तीन प्रकार पुरेत. पहिला, दहा ते बारा सेंटिमीटरचा तरंगणारा मिनो. ओढला की बुडतो, सोडला की वर येतो, त्यामुळे मुळांत कमी अडकतो. दुसरा, शिशाचं डोकं असलेल्या गळावर ओवलेला रबरी मासा किंवा रबरी सुंगट. पुलाच्या खांबाशी खोल पाण्यासाठी. तिसरा, पॉपर, म्हणजे पाण्यावर फटफट करणारा. पहाटे आणि तिन्हीसांजेला. स्वच्छ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात सोनेरी किंवा गडद रंग मला लाभला. रंगांवर फार पैसे घालवू नका. दुकानातले निम्मे रंग माशांसाठी नसून आपल्यासाठी असतात.

विकत आणलेल्या नकली माशाचे तिहेरी गळ पुष्कळदा नाजूक असतात. चोणक ते सरळ करून जातो. ते काढून जाड तारेचे लावावेत आणि पकडीने त्यांचे उलटे काटे दाबून टाकावेत. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही. सोडायचा झाला, किंवा गळ आपल्याच बोटात शिरला, तर तो सहज निघतो.

काठी, रीळ, दोरी

साडेसहा ते सात फुटांची मध्यम ताकदीची काठी आणि ३००० किंवा ४००० आकाराचं रीळ, एवढ्यात काम भागतं. रिळावर २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी भरा. ती बारीक असून मजबूत असते, पण कालवांच्या कडेला घासली की क्षणात तुटते. म्हणून पुढे दोन हात लांबीचा ४० ते ६० पौंडांचा जाड तंगूस जोडायचाच. माझा पहिला चोणक गेला तो हा तुकडा नव्हता म्हणून. त्याचे दात टोचणारे नसतात, खरकागदासारखे असतात. घासून घासून दोरी झिजवतात. प्रत्येक माशानंतर तंगुसाच्या टोकावरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर तेवढं कापून नवी गाठ मारा.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस भाजतो. नकली माशाला घट्ट गाठ न मारता लहानसा फास ठेवावा, म्हणजे तो मोकळा डुलतो. रिळाचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवावा. घरातला हुकाचा वजनकाटा दोरीला लावून ओढून बघा: ३० पौंडांच्या दोरीला साडेतीन किलोच्या आसपास दोरी सुटू लागली की बरोबर. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. खारं पाणी रीळ खातं.

होडी

भावोजींची होडी फायबरची, सोळा फुटी, मागे लहान इंजिन. मानशीपासून पन्नास-साठ पावलं दूर इंजिन बंद करायचं आणि पुढे वल्ह्याने जायचं, हा त्यांचा नियम. होडीच्या फळीवर डबा आपटला तरी चोणकाला कळतं.

एकदा मी शहाणपणा करून नांगर मागच्या बाजूने टाकला. ओहोटीचा जोर होता. दोरी ताठ झाली, इंजिनाच्या वजनाने आधीच दबलेली मागची बाजू खाली गेली आणि पाणी आत आलं. भावोजींनी ओरडाआरडा केला नाही. कोयत्याने दोरी कापली, नांगर गेला, आम्ही राहिलो. घरी आल्यावर अक्का जे बोलली ते इथे छापता येणार नाही. तेव्हापासूनचे नियम असे: नांगर नेहमी नाळेकडून टाकायचा, दोरी खोलीच्या पाच-सहा पट, कोयता हाताशी. लाइफ जॅकेट अंगात, बसायच्या फळीखाली नव्हे. पोहता येत असलं तरीही. एका वेळी एकानेच उभं राहायचं आणि काठी मागे नेण्याआधी वळून बघायचं. गळ मांसात खोल शिरला तर उपटाउपटी न करता डॉक्टर गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं.

ती मादी होती

आता ती गोष्ट. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली. पावसाने उसंत घेतली होती. मी एकटाच बांधावर गेलो आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा चोणक लागला. पाऊण तास झगडलो. बारा किलो भरला, लांबी जवळजवळ एक मीटर. खांद्यावर टाकून गावातून मिरवत आणला. शेजारपाजारचे जमले, फोटो निघाले. भावोजी ओट्यावर बसून होते, काही बोलले नाहीत.

अक्काने पोट चिरलं, तर आत गाबोळीच्या दोन लांब पिशव्या, हाताच्या कोपरापर्यंत येतील एवढ्या. अक्का थांबली. “अरे, ही तर बाळंतीण व्हायची होती रे,” एवढंच म्हणाली. तिने हुमण केलं, सगळ्यांना वाढलं, पण स्वतःच्या पानात घेतलं नाही. रात्री भावोजी म्हणाले, “पकडलास ते चांगलं पकडलंस. पण असे मोठे पावसात आम्ही धरत नाही. वडील सांगायचे, मोठी असते ती आई असते.”

वडिलांचं ते म्हणणं शब्दशः खरं आहे, हे मला पुढे वाचून कळलं. चोणक सुरुवातीला नर असतो. तीन-चार वर्षांनी नर म्हणून प्रजननाला तयार होतो आणि आणखी काही वर्षांनी, साधारण ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर लांबीच्या टप्प्यावर, त्याची मादी होते. म्हणजे नदीतले बहुतेक सगळे मोठे चोणक माद्याच. पावसाळ्यात त्या खाडीच्या मुखाशी जाऊन अंडी घालतात. मोठी मादी लाखोंनी अंडी देते. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खाजनात, खारफुटीत वाढतात. एक मोठी मादी मारली की तिची जागा घ्यायला एका नराला कित्येक वर्षं जगावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच नद्या-खाड्यांतला ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामुंडी सोडून द्यावा लागतो. गोव्यातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती याच प्रजननाच्या काळात. हौशी गळवाल्याने तेवढा काळ काठी माळ्यावर ठेवली तर काय बिघडतं?

आमच्या घरचा नियम आता असा आहे. पावसाळ्यात चोणकाला गळ नाही. बाकी दिवसांत कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाहून लहान मासा सोडायचा, आणि पाऊण मीटरच्या पुढचाही सोडायचा. मधला, घरापुरता एकच घ्यायचा.

सोडण्याचीही रीत आहे. हात ओले करायचे. मासा तापलेल्या फळीवर टाकायचा नाही, जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली. लांब नाकाच्या पकडीने गळ काढायचा. फोटो एकच. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवायचा. तो आपणहून शेपटी मारतो तेव्हाच हात सोडायचा.

गेल्या डिसेंबरात भाचा बरोबर होता. ओहोटी संपत आलेली, मिनो मुळांजवळ पडला, दोन झटके, थांबला, आणि ‘भुप्प’! पंधरा मिनिटांनी मासा होडीशी आला तेव्हा पोराचे हात थरथरत होते. नव्वद सेंटिमीटर सहज. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. भावोजींकडून तेवढं शिकलो आहे. त्याने हात ओले केले, गळ काढला, मासा प्रवाहात धरला. बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग शेपटीचा एक फटका बसला, दोघंही भिजलो, आणि पाणी पुन्हा शांत झालं.

घरी अक्का मसाला वाटून बसली होती. येताना म्हापशाच्या बाजारातून तळ्यात वाढवलेला लहानसा चोणक घेतला. आता तो मिळतो. अक्काने पिशवीत डोकावून विचारलं, “हा पकडलात?”

“नाही मामी... म्हणजे, नाही आई,” गोंधळलेला भाचा म्हणाला, “पकडला तो सोडला.”

“मोठी होती?”

“होय.”

अक्काने त्या दिवशी हुमण वाढलं तेव्हा आधी स्वतःच्या पानात घेतलं.