बळी तो कान पिळी, हा निसर्गाचा नियम आहे का?

निसर्गातली स्पर्धा म्हटली की मारामारी आणि तिच्यात सगळीकडे जिंकणारी बलवान जात, असे चित्र डोळ्यांपुढे येते. स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावरचे खडक यातल्या दोन्ही समजुती खोट्या ठरवतात. तिथे बार्नॅकलच्या दोन जाती आहेत. हे खेकड्या-कोळंबीचे नातलग एकदा खडकाला चिकटले की जन्मभर जागा सोडत नाहीत. लहान थॅमॅलस भरतीरेषेजवळ राहतात, मोठे बॅलॅनस त्यांच्या खाली. जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी थॅमॅलस असलेले दगड खालच्या पट्ट्यात नेले आणि दगडाच्या अर्ध्या भागावरून बॅलॅनस खरवडून काढले. त्या अर्ध्या भागावर थॅमॅलस छान जगले. उरलेल्या भागावर बॅलॅनस वाढता वाढता त्यांच्या कवचाखाली शिरले, त्यांना उचकटत आणि चिरडत गेले. कोणी कोणावर झडप घातली नाही. भांडण होते ते जागेचे. पण ओहोटीत तासन्‌तास कोरडे पडणाऱ्या वरच्या पट्ट्यात हेच दांडगे बॅलॅनस सुकून मरतात आणि चिवट थॅमॅलस टिकतात. म्हणजे बळ जातीच्या अंगी कायमचे नसते, ते जागेनुसार बदलते. कॉनेल यांचे हे काम 1961 मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर कोणी म्हणेल की, खडकावरच्या जिवांचा न्याय वाघ-बिबट्यांना कसा लावायचा? कर्नाटकातल्या नागरहोळे राष्ट्रीय उद्यानात उल्लास कारंत आणि मेल्विन सनक्विस्ट या संशोधकांना वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे एकाच जंगलात शिकार करताना आढळले. वाघाचा भर गवा-सांबरासारख्या मोठ्या जनावरांवर, तर बिबट्या आणि रानकुत्र्यांचा चितळाएवढ्या सावजांवर होता. भक्ष्य मुबलक आणि निरनिराळ्या आकारांचे असले की वाटणी होऊ शकते. ते आटले की दुबळ्याची कोंडी होते.

तिसरा गैरसमज असा की, शिकारी हटवला की बाकीच्यांची भरभराट होते. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1963 पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर, खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे काढून समुद्रात फेकले. तारामाशांचे मुख्य खाद्य असलेले शिंपले मोकाट वाढले, त्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या 15 जातींपैकी 8 च उरल्या. बळी जाणाऱ्या शिंपल्यांनीच शेजाऱ्यांना हुसकावले होते. तारामासा जबर स्पर्धकाला आवरत होता, म्हणून इतरांना जागा मिळत होती. म्हणून एखादी जात उपद्रवी ठरवून हटवण्याआधी ती कोणाला आवरून धरते, हे तपासलेच पाहिजे.