वाऱ्याचा वेग आणि छोटा ब्राउझर

‘किनाऱ्यालगत वाऱ्याचा वेग वाढणार असल्याने मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ भाईंदर पश्चिमेला उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांना अशा सूचना नवीन नाहीत. वाक्य साधे आहे. पण ‘किनाऱ्यालगत’ आणि ‘वाऱ्याचा’ या दोन शब्दांत मराठीची एक खोड दडलेली आहे, आणि नवा ब्राउझर लिहायला बसलेल्या माणसाची तिथे हमखास परीक्षा होते.

आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो तेव्हा समोरून आयते चित्र येत नाही. येतो तो मजकूर आणि तो कसा मांडायचा याच्या सूचनांचा गठ्ठा. त्या सूचनांचा अर्थ सर्वांनी एकसारखा लावावा म्हणून जे नियम ठरले, ती वेब स्टँडर्ड्स. हे नियम वाचून पान उभे करणारा ब्राउझरमधला भाग म्हणजे इंजिन. जगातले बहुतेक ब्राउझर आज तीनच इंजिनांवर चालतात : गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली. तिच्यात पहिल्या आलेल्या झोहो कंपनीचा ‘उला’ हा ब्राउझरसुद्धा गूगलच्याच क्रोमियमवर उभा आहे. नवे इंजिन शून्यातून लिहिणे किती अवघड असेल, याचा अंदाज यावरून यावा.

तरीही काही माणसे ते करतात, तेही हौसेने. चिलीतल्या होर्हे अरेयानो सिद यांनी १९९९ च्या डिसेंबरात ‘डिलो’ सुरू केला. जुन्या, अशक्त संगणकांवरही चालावा हा त्यामागचा हेतू. ‘नेटसर्फ’ २००२ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. सर्वात गाजलेला म्हणजे ‘लेडीबर्ड’. ॲपलमध्ये वेबकिटवर काम केलेले आंद्रेयास क्लिंग व्यसनमुक्ती उपचारातून बाहेर पडले, तेव्हा रिकामा वेळ भरून काढण्यासाठी २०१८ मध्ये त्यांनी ‘सेरेनिटी’ नावाची संगणकप्रणाली लिहायला घेतली. त्या प्रणालीसाठी ब्राउझर हवा म्हणून लेडीबर्डचे बीज पडले. २०२४ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली आणि पगारी अभियंतेही आले. वेळ कसा घालवावा याचे आरोग्य-सदरांत अनेक सल्ले असतात. हा मात्र माझ्या वाचनात पहिलाच.

या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच : हात मोजके, नियम हजारो पाने. आधी काय करायचे?

डिलोने उत्तर फार लवकर देऊन टाकले. जावास्क्रिप्ट नाहीच. बँकेची किंवा तिकिटांची संकेतस्थळे त्यावर चालणार नाहीत, हे मान्य करून त्याने वेग आणि हलकेपणा निवडला. नेटसर्फने सावकाश वाट धरली. पानातले चौकोन लवचीकपणे मांडणारा ‘फ्लेक्सबॉक्स’ हा नियम मोठ्या ब्राउझरांत कधीचाच रुळला होता. नेटसर्फमध्ये तो आला २०२३ च्या डिसेंबरात. हा आळस नव्हे. आधीचा पाया पक्का नसेल तर वरचा मजला चढवता येत नाही.

तिसरी वाट गुणांची. ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ नावाचा सामायिक चाचणीसंच आहे, त्यात सुमारे वीस लाख बारीक चाचण्या. आयफोनवर आपले इंजिन चालवायचे असेल तर यातल्या ९० टक्के उत्तीर्ण व्हा, अशी अट ॲपलने २०२४ मध्ये युरोपपुरती घातली. त्यामुळे गुण मोजणे आलेच. पण गुणपत्रिकेचा घोळ आपल्याला शाळेपासून माहीत आहे. या संचात चिनी, जपानी, कोरियन लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतींच्या चाचण्याच लाखांच्या घरात आहेत. एक तक्ता नीट बसवला की गुण भराभर वाढतात. त्या भाषांना ते हवेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गुण किती आणि वाचकाची नड किती, यांचे प्रमाण जुळेलच असे नाही.

आता आपल्या ‘वाऱ्या’कडे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. एकीत रफार डोक्यावर जातो, दुसरीत र पापणीसारखा शेजारी बसतो. युनिकोडमध्ये हा पापणीचा र लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, ‘ऱ’ या अक्षराचा पाय मोडून. हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात मुळात द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी म्हणून नोंदलेले आहे! दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पानावर ‘वाऱ्याचा’ शोधायला गेलात आणि लिहिणाऱ्याने दुसरा मार्ग घेतला असेल, तर ब्राउझर खुशाल सांगू शकतो की असा शब्दच नाही.

हे झाले सूक्ष्म. ढोबळ चूक त्याआधीची. देवनागरीत पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते आधी. अक्षरांची ही जुळणी न करणारा ब्राउझर ‘दिवस’चा ‘दविस’ आणि ‘विष’चे ‘वषि’ करतो. व्हिडिओंवरची मोडकी मराठी पाहिलेल्यांना हे नवे नाही. ‘दिवसातून दोनदा, दुसऱ्या आठवड्यापासून एकदा’ अशी औषधाची सूचना या अवस्थेत घरातल्या आजींनी वाचायची, हे डोळ्यांपुढे आणून बघा.

म्हणून माझे मत असे : छोट्या ब्राउझरने सावल्या, घसरत येणारी चित्रे, रंगांची संक्रमणे खुशाल मागे ठेवावीत. आधी अक्षरजुळणी, मग तक्ते, मग अर्ज. तक्त्यात रकाना सरकला तर सकाळची गोळी रात्रीच्या घरात जाते. अर्जात जोडाक्षर खोडताना काय खोडले जाणार हे कळले नाही, तर नाव चुकते. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठीचे नियमही याच पहिल्या रांगेतले.

दिलासा असा की जुळणीचे काम आता प्रत्येकाने स्वतः करायची गरज नाही. ‘हार्फबझ’ ही त्यासाठीची मुक्त लायब्ररी क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड तिघेही वापरतात. (नाव फारसी आहे, त्यातला ‘हार्फ’ म्हणजे हिंदी-उर्दूतला हर्फ, अक्षर.) अक्षरे स्वतःच उभी करणाऱ्या लेडीबर्डनेही पुढे तीच घेतली. पण सगळे तिच्यावर सोडून भागत नाही. ओळ कुठे तोडायची, अक्षरांत अंतर वाढवताना जोडाक्षर फुटू द्यायचे नाही, परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करताना ‘क्ष’ अख्खा उचलायचा, हे इंजिनालाच कळावे लागते. जोडाक्षर हे एकच एकक मानावे, हा नियम युनिकोडच्या मूळ तोडणी-नियमांत आला तोच २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत.

युरोपातल्या एखाद्या स्वयंसेवकाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपोआप दिसणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मलाही थाई लिपीतल्या चुका दिसणार नाहीत. पण या प्रकल्पांची दारे उघडी असतात, आणि चूक कळवायला सी प्लस प्लस येण्याची गरज नसते. दहा ओळींचे एक पान, त्यात चुकणारा शब्द, सोबत तो कसा दिसायला हवा याचे एक चित्र आणि दोन ओळी इंग्रजीत, एवढे पुरते. भाईंदर-चर्चगेट प्रवासात, बसायला जागा मिळाली तर, होण्यासारखे काम आहे. त्या पानात ‘वाऱ्याचा वेग’ असावा, ‘दुसऱ्या मात्रेची तारीख’ असावी. शिवाय ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हेही शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे व्याख्यानाला कुणाला बोलावले आहे आणि स्वयंपाकाला कुणाला, हे तरी ब्राउझरला समजेल.