नावाआधीच प्रसिद्ध झालेला मासा

व्हेनेझुएलाच्या ईशान्य किनाऱ्यावर कुमाना शहराला लागून लागुना दे पातोस हे खाजण आहे. समुद्रापासून तुटलेलं आणि पावसाने हळूहळू गोडं होत गेलेलं त्याचं पाणी सूक्ष्म शेवाळाने हिरवंगार दिसे. काठावर शहराचा कचरा पडे. १९७५ साली जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांना तिथे जेमतेम अडीच सेंटिमीटरचे नर मासे सापडले. अंगावर धातूसारखा चमकणारा हिरवा, त्यालगत नारिंगी आणि काळ्या शाईचे फराटे.

गप्पी या छोट्या माशांच्या रंगांचा एंडलर यांचा अभ्यास पुढे गाजला. शिकारी माशांच्या संगतीत नरांवरचे ठिपके पिढ्यांमागून कमी आणि लहान होतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. अशा माणसाच्या नजरेतून पातोसचा मासा सुटला नाही, यात नवल नाही. खरं तर १९३७ मध्येच फ्रँकलिन बाँड यांनी तो पकडला होता. पण त्या नमुन्यांकडे पुढे कोणी फारसं पाहिलं नाही.

गप्पींच्या कुळातल्या माशांचे जाणकार डॉन रोझेन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करावं, असं ठरलं. रोझेन १९८६ मध्ये वारले आणि काम राहून गेलं. दरम्यान न्यूयॉर्कच्या क्लाउस कालमन यांच्याकडून काही मासे जर्मन हौशी मत्स्यपालकांकडे पोचले होते. बाजारात ते एंडलरच्या नावाने विकले जाऊ लागले. शास्त्राच्या दप्तरात मात्र नोंद नाही, अशी तीस वर्षं गेली.

अखेर २००५ मध्ये पोझर, केम्पकेस आणि इस्ब्रुकर यांनी पूर्वेकडच्या पॅरिया द्वीपकल्पातल्या माशांवरून ‘पोसिलिया विंगेई’ ही प्रजाती जाहीर केली. ओविंड विंगे या डॅनिश शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ हे नाव दिलं. १९२०च्या दशकात विंगे यांनी गप्पीच्या नरांतले काही रंग वाय गुणसूत्रावरून बापाकडून थेट मुलाकडे जातात, हे तपशिलात मांडलं होतं. मला ही निवड फार योग्य वाटते.

तरीही ही खरंच वेगळी प्रजाती आहे का, हा प्रश्न सुटला नाही. आपल्याकडे हिवतापविरोधी मोहिमांत टाक्यांमध्ये आणि विहिरींत सोडतात तो साधा गप्पी, पोसिलिया रेटिक्युलाटा, याच्याशी विंगेईचा संकर सहज होतो, आणि संकरित पिल्लंही प्रजननक्षम असतात. माद्या तर दोन्हींच्या जवळजवळ सारख्याच. अलेक्झांडर आणि ब्रेडन यांनी २००४ मध्ये दाखवलं, की कुमानाचे मासे रूपाने आणि जोडीदार निवडण्याच्या वागण्याने वेगळे पडतात. मातेकडून येणाऱ्या डीएनएमध्ये मात्र फरक नगण्य. म्हणजे फाटा फुटताना पाहिला गेलेला हा मासा आहे. प्रजातीची रेघ कुठे ओढायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या मते रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडणार नाही. मूळ ठिकाणची नोंद पुसली, तर मात्र अभ्यासालाच आधार उरत नाही.

हौशी मंडळींनी हे लवकर ओळखलं. त्यांच्या वर्गवारीत मूळ ठिकाण माहीत असलेले ते ‘एन’, दिसायला तसेच पण कुळाचा पुरावा नसलेले ‘पी’, उघड संकरित ते ‘के’. ‘एन’ची टाकी ते गप्पीपासून कटाक्षाने वेगळी ठेवतात. कारण मादी शुक्राणू कित्येक महिने साठवू शकते, आणि एकाच नराच्या संगतीने पुढच्या अनेक विणी भेसळीच्या होऊ शकतात.