काळ्याचं पांढरं: अंधूक तेजोमेघ आणि उलटी प्रतिमा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष या प्रमाणाविषयी बोललो. आज तोच धागा धरून जरा आकाशाकडे जाऊ.

आकाशाचे फोटो काढणारी हौशी मंडळी एक युक्ती सर्रास वापरतात. तेजोमेघाचा फोटो तयार झाला की तो कृष्णधवल करायचा आणि मग उलटा करायचा. उलटा म्हणजे खाली डोकं वर पाय असा नव्हे. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि आय ही दोन बटणं दाबली की झालं. (कृष्णधवल आधी करायचं, नाहीतर लाल तेजोमेघ निळा-हिरवा होतो आणि डोळा रंगातच अडकतो.) मग जिथे नुसतं काळं आकाश होतं, तिथे राखाडी धुरासारखी एक लकेर दिसू लागते. आता प्रश्न असा, की ही लकेर आली कुठून?

गणिताने पाहिलं तर कुठूनच नाही. स्क्रीनवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. उलटं करणं म्हणजे प्रत्येक आकडा 255 मधून वजा करणं. आकाश 20 वर आणि लकेर 24 वर असेल, तर उलटल्यावर आकाश 235 वर आणि लकेर 231 वर येते. फरक तेव्हाही चारचा, आताही चारचाच. एका कणानेही माहिती वाढलेली नाही.

मग दिसतं कसं? कारण स्क्रीनवरच्या या पायऱ्या प्रकाशाच्या हिशेबात सारख्या उंचीच्या नसतात. काळ्या टोकाकडच्या अगदी बुटक्या, पांढऱ्या टोकाकडच्या उंच. नेहमीच्या स्क्रीनचं सूत्र घेऊन हिशेब केला तर 20 आणि 24 यांच्यात प्रत्यक्ष प्रकाशाचा जेवढा फरक असतो, त्याच्या साधारण पंधरा पट फरक 235 आणि 231 यांच्यात असतो. त्यात आपण बसलेलो असतो दिवा लावलेल्या खोलीत. खोलीतला उजेड काचेवर पडून परत येतो, शेजारी पांढऱ्या खिडक्या उघड्या असतात, फोटोतले तारे डोळ्यात चमकतात. डोळा या सगळ्या उजेडाला सरावलेला असतो, त्याला काळ्या टोकाची ती बुटकी पायरी जाणवत नाही. उलट्या चित्रात तारे काळे ठिपके होतात, लकेर उजेडाच्या बाजूला येते आणि डोळा जिथे तरबेज आहे तिथेच त्याला काम मिळतं. पण अंधाऱ्या खोलीत, चांगल्या स्क्रीनसमोर, डोळे अंधाराला सरावू दिलेत, तर या युक्तीचा फायदा बराच कमी होतो. तेव्हा उलटं चित्र नेहमीच सरस, असं जे ठासून सांगितलं जातं ते मला पटत नाही. फोटो तोच राहतो. बदलते ती पाहणाऱ्याची परिस्थिती.

ही युक्ती संगणकाने आणली असंही नाही. काचेच्या प्लेटवर प्रकाश पडला की तिथे चांदी सुटी होऊन काळी पडते, म्हणजे मूळ प्लेट ही उलटीच असते. तिच्यावरून सरळ छापील प्रत काढली की काही ना काही हरवतं, म्हणून खगोलशास्त्रज्ञ थेट प्लेटच वाचत. 1950 च्या दशकात पालोमार वेधशाळेने आकाशाची पाहणी केली, तिचे कागदी नकाशे जगभर गेले तेही पांढऱ्या आकाशावर काळे तारे, असेच.

यातलं माझं आवडतं उदाहरण 1888 सालचं आहे. मृग नक्षत्रातले बाणाचे तीन तारे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या दक्षिणेला एक चमकणारा अंधूक पट्टा आहे. हार्वर्डच्या वेधशाळेतली एक प्लेट तपासताना विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना त्या पट्ट्यात अर्धगोल खाच दिसली. तोच आजचा प्रसिद्ध हॉर्सहेड, घोड्याचं तोंड. पुढे ड्रायर यांच्या सूचीत श्रेय गेलं ते प्लेट घेणाऱ्या पिकरिंग यांच्या नावावर. हे असं का होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पण ती खाच म्हणजे काय? तिथे प्रकाश नव्हता. मग आकाशाला भोक पडलं होतं, की मागचा उजेड अडवणारं काही पुढे उभं होतं? बर्नार्ड यांनी 1919 मध्ये अशा 182 काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. ही भोकं की मेघ, याबद्दल ते स्वतः कितीतरी वर्षं साशंक होते. आज आपल्याला ठाऊक आहे की ते धुळीचे आणि वायूचे दाट मेघ आहेत. उलट्या प्रतिमेत हा घोडा पांढरा होतो, आणि नवशिका त्यालाच तेजोमेघ समजून बसतो.

इथे मला आपले मीमांसक आठवतात. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेचं उत्तर असं: अनुपलब्धीने, म्हणजे तो दिसत नाही यावरून. पण नुसतं दिसत नाही, एवढ्याने भागत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं कोणी म्हणू नये. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. माझ्या फोटोत तिथे काहीच नाही, असं म्हणणाऱ्याने आधी हे सिद्ध केलं पाहिजे की काही असतं तर त्या फोटोत उमटलं असतं, आणि उमटलेलं त्याच्या डोळ्यांना दिसलंही असतं.

हा शब्दच्छल नव्हे. देवयानी दीर्घिकेचा फोटो आयझॅक रॉबर्ट्स यांनी 1888 मध्येच काढला. त्यानंतर तिचे किती फोटो निघाले याची गणती नाही. तरी 2023 च्या जानेवारीत द्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेन्टी या हौशी निरीक्षकांनी आणि त्यांच्या शास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की तिच्या शेजारी आयनित ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी एक कमान आहे. लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिप्पट! दुर्बीण लहानच होती, जेमतेम दहा सेंटिमीटरची. पण एकूण शंभर तासांहून जास्त प्रकाश गोळा केला होता, आणि त्यातला काही ऑक्सिजनचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावून. आधीच्या फोटोंत ती दिसली नाही, कारण दिसण्याची योग्यताच तिथे नव्हती. हे लक्षात घ्या: उलटण्याने ती कमान सापडली नसती. मिळालेल्या प्रकाशातलं नजरेतून निसटणारं दाखवणं, एवढंच उलटण्याचं काम. शंभर फोटो एकावर एक रचले की गोंगाट दहा पटीने दबतो. ते कष्ट कुठल्याच बटणाने वाचत नाहीत.

आणि दुसरी बाजू जास्त धोक्याची. उलट्या चित्रात लकेर दिसते, तसे भासही दिसतात. सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं, तेजस्वी ताऱ्याचं काचांमधलं प्रतिबिंब, चांदण्याचा तिरका पडदा, पुण्या-मुंबईच्या उजेडाची क्षितिजाकडून चढत गेलेली झाक, हे सगळं तितक्याच ऐटीत राखाडी धूर होऊन बसतं. दोरी ठळक होते आणि सापही.

मग निवड कशी करायची? ऑक्सिजनच्या कमानीची खात्री दुसऱ्या दुर्बिणींनी आणि दुसऱ्या कॅमेऱ्यांनी झाली. आपल्याकडे एकच दुर्बीण असेल तर एका रात्री कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्या. लकेर ताऱ्यांबरोबर राहिली तर ती कॅमेऱ्याची नव्हे. कॅमेऱ्याबरोबर फिरली तर धूळ पुसायला घ्या. किंवा सगळ्या रात्रींचे फोटो दोन गटांत वाटा, दोन्ही स्वतंत्र रचा, सारख्याच प्रमाणात उजळवा आणि मग दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा. गोंगाट पुसणारी आणि धार काढणारी हल्लीची हुशार साधनं या टप्प्यावर लांबच ठेवलेली बरी, कारण जे नाही तेही ती फार सुबक काढून देतात. एकाच गटात लकेर दिसली तर त्या रात्रींची नोंदवही काढून चंद्र कुठे होता ते पाहा. दोन्ही गटांत दिसली, पण फोटोच्या एका कडेकडे नुसतीच गडद होत गेली, तर त्या कडेच्या दिशेला क्षितिजावर काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा तिथे एखादं शहर निघतं.