मुखत्यारपत्र, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

वाशी-नेरूळपासून खारघर-पनवेलपर्यंत आपल्याकडे अशी किती घरं आहेत बघा, जिथे आईवडील इथे आणि मुलं न्यू जर्सीत, दुबईत नाहीतर मेलबर्नला. प्रसंग आला की सगळ्यांचा प्रश्न एकच: कागद कोणता लागतो? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. पण या प्रश्नाच्या मुळाशी आमच्या विषयातलाच प्रश्न आहे. माणूस समोर नसताना त्याच्या वतीने कोण बोलणार? याची उत्तरं देणारे तीन कागद आहेत आणि आपण तिन्हींची गल्लत करतो.

पहिलं मुखत्यारपत्र. हे जो हयात आहे पण हजर नाही, त्याच्यासाठी. परदेशातला मुलगा तिथल्या भारतीय वकिलातीत सही करतो, किंवा नोटरीसमोर सही करून अपोस्टिल घेतो. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग कराराने ठरलेला शिक्का. भारतात तो १४ जुलै २००५ पासून चालतो. कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. म्हणून कुरियरचं पाकीट टाकून देऊ नका, तारीख त्यावरच असते.

आता खरी मेख. वडिलांनी मुलीला दिलेलं मुखत्यारपत्र वडील गेले की संपतं. त्यानंतर त्यावर बँकेतून पैसे काढणं किंवा घर विकणं चालत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ तर असंही सांगतं, की देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तरी अधिकार संपतो. अमेरिकेत भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, म्हणून तिकडची मुलं इथेही तसंच असेल असं धरून चालतात. आपल्याकडे तसं नाही. स्मृतिभ्रंश झाल्यावर न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं.

दुसरं नामनिर्देशन. बँकेत, सोसायटीत ज्याचं नाव लावलं, तो मालक झाला असं आपण समजतो. तो मालक नव्हे, विश्वस्त. त्याने ते घ्यायचं आणि खऱ्या वारसांना द्यायचं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतला हा वाद आपल्या 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांच्या मिळकतीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हेच सांगितलं: नामनिर्देशनामुळे वारसाहक्क बदलत नाही.

मग कोणाला काय मिळणार हे ठरवतं कोण? तिसरा कागद, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते शक्यतो नकोत. मृत्युपत्र नसलं, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळे समान वाटेकरी होतात. मग प्रत्येकाची सही हवी. एक ह्यूस्टनला, एक लंडनला, म्हणजे पुन्हा नवी मुखत्यारपत्रं आणि नवे शिक्के. शिवाय आपल्या इथल्या बऱ्याचशा जमिनी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहेत. अशा वेळी सोसायटीबरोबर सिडकोच्या दप्तरीही वारसांची नावं चढवावी लागतात.

आणखी एक साधी गोष्ट. मृत्यूची नोंद राहत्या पत्त्यावर नव्हे, मृत्यू जिथे झाला तिथे होते. खारघरचा माणूस नेरूळच्या रुग्णालयात गेला, तर दाखला पनवेल नव्हे, नवी मुंबई महापालिका देते. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. मूल परदेशातून चार दिवसांसाठी येतं आणि परत जातं. त्या चार दिवसांत निदान दाखल्यावरचं नाव आधार आणि पासपोर्टप्रमाणे आहे का, एवढं तरी बघून घ्यावं. एका अक्षराच्या फरकासाठी पुढे महिने जातात.

हे सगळं जिवंतपणी बोलायचं म्हणजे आपल्याला अभद्र वाटतं. पण न बोलण्याची किंमत आपण मोजत नाही, मुलं मोजतात. कधी ती भावंडांतल्या अबोल्याने मोजली जाते. या दिवाळीला मुलं घरी आली, की फराळ झाल्यावर एक फाईल काढा. भान शाबूत आहे तोवर मृत्युपत्र करा, नामनिर्देशनं तपासा, फाईल कुठे ठेवली ते सगळ्या मुलांना सांगा. एकालाच नको, सगळ्यांना सांगा.